डबी परत पाठवू नका

प्रश्न : नारायणगुड्यात आमचं जुनं बैठं घर आहे. १९५० नंतर कधीतरी सासऱ्यांनी बांधलं. मूळ आम्ही परभणीकडचे. घराला शाहबादी फरशी होती. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघराचा ओटा आणि पुढच्या दोन खोल्या ग्रॅनाइटच्या करून घेतल्या. मुलगा न्यू जर्सीत असतो. यंदा त्याने तिकडे घर घेतलं, तेव्हा सौदा पक्का होण्याआधी घरात रेडॉन नावाचा वायू किती आहे ते तपासलं गेलं. हा वायू ग्रॅनाइटमधून निघतो आणि त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, हे त्याला तिथे कळलं. तेव्हापासून तो आमच्यामागे लागलाय, कारण हैदराबाद म्हणजे ग्रॅनाइटचंच गाव! ओळखीच्या माणसाबरोबर त्याने कोळशाची एक चपटी डबी पाठवली आहे. चार दिवस घरात उघडी ठेवायची आणि बंद करून टपालाने तिकडच्या प्रयोगशाळेला पाठवायची. आमच्या यजमानांचं म्हणणं, ‘सत्तर वर्षं माणसं राहताहेत या घरात, कुणाला काही झालं नाही. हे अमेरिकेचं खूळ आहे.’ तपासणी करावी का? ओटा काढून टाकावा का? आमच्याकडे बोअरचं पाणीही आहे, त्यातून काही होतं का?
— एक वाचक, नारायणगुडा, हैदराबाद

उत्तर : ताई, तपासणी करा, ओटा राहू द्या आणि बोअरची फार काळजी करू नका. कारणं सांगतोच. पण आधी ती डबी, कारण ती टपालात टाकलीत तर पैसेही वाया आणि चार दिवसही.

डबीतला कोळसा हवेतला रेडॉन शोषून धरून ठेवतो. प्रयोगशाळेत डबीतून बाहेर पडणारे गॅमा किरण मोजतात आणि त्यावरून खोलीत किती रेडॉन असेल याचा हिशेब मांडतात. अडचण अशी की रेडॉन टिकत नाही. तो किरणोत्सारी आहे, आपोआप मोडत असतो. आज आहे त्यातला निम्मा ३.८ दिवसांत संपतो, उरलेल्यातला निम्मा पुढच्या ३.८ दिवसांत. न्यू जर्सीतल्या माणसाने न्यू जर्सीतल्या टपालपेटीत डबी टाकली तर ती दोन-तीन दिवसांत पोचते. हैदराबादहून निघालेलं पाकीट कस्टममधून सुटून पोचायला पंधरा दिवस लागले, तर डबीत उरतो सोळावा हिस्सा. महिना लागला तर अडीचशेव्या हिश्श्याच्या आसपास. मधल्या दिवसांची वजाबाकी प्रयोगशाळा करते, पण मोजायलाच काही उरलं नाही तर वजाबाकी कशातून करणार? शिवाय कोळसा हवेतली ओलही पितो आणि त्याने मोजमाप बिघडतं. पावसाळ्यात तर ही डबी उघडूच नये. मुलाचं मन राखायला कपाटात ठेवून द्या.

तुम्हाला हवी आहे ती फिल्मची डबी. तीत प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. बहुधा सीआर-३९ नावाचं प्लास्टिक, म्हणजे तेच, ज्याची चष्म्याची भिंगं करतात. रेडॉन मोडताना अल्फा कण बाहेर पडतात, ते या प्लास्टिकवर आदळले की डोळ्यांना न दिसणारी जखम करून जातात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तो तुकडा कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवला की जखमांचे खड्डे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. जखम कायमची असते. टपालाला महिना लागला तरी बिघडत नाही. आपल्याकडच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं एलआर-११५ नावाची अशीच दुसरी फिल्म वापरली आहे.

आता मुलाचं म्हणणं. त्यातलं निम्मं अगदी बरोबर आहे.

परभणीहून रेल्वेने काचीगुड्याला येताना तुम्ही खिडकीतून पाहिलं असेल. नांदेडपर्यंत काळी जमीन, काळा दगड. गोदावरी ओलांडून निजामाबाद, कामारेड्डीकडे आलं की दगडाचा रंगच बदलतो, आणि रानात एकावर एक रचून ठेवल्यासारखे गुळगुळीत प्रचंड धोंडे दिसू लागतात. तुमच्या सासऱ्यांनी गाव बदललं तेव्हा पायाखालचा खडकही बदलला. मराठवाड्याचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हैदराबादचं ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचं. मौला अली, गोवळकोंडा, बंजारा हिल्स ही सगळी त्याचीच उघडी पडलेली टाळकी. वयाचा मुद्दा इथे गौण आहे. खरा फरक असा की ग्रॅनाइट ज्या रसातून थिजतं, त्यात युरेनियम आणि थोरियम शेवटपर्यंत मागे रेंगाळतात आणि म्हणून त्यात अधिक जमा होतात. टनभर ग्रॅनाइटमध्ये युरेनियम साधारण ३ ते ५ ग्रॅम सापडतं, बेसाल्टमध्ये बहुधा एक ग्रॅमही नाही.

हे युरेनियम सावकाश मोडतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षांचं. त्यातून पायरीपायरीने रेडियम होतं आणि रेडियममधून रेडॉन. आधीच्या सगळ्या पायऱ्या घन पदार्थांच्या आहेत, त्या खडकातच अडकून राहतात. रेडॉन हा या साखळीतला एकटा वायू. कशाशी संयोग न करणारा, रंग-वास नसलेला. खडकाच्या भेगांतून, मुरमातून, मातीच्या कणांमधल्या पोकळीतून तो वर सरकतो. उघड्यावर आला की वाऱ्यात विरून जातो. घनमीटरला १० बेक्वेरेलच्या आसपास उरतो. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू मोडणं. वर उघड्या आकाशाऐवजी बंद खोली असेल तर तो तिथे साठतो. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीने जगभरातल्या घरांची सरासरी ४० बेक्वेरेल धरली आहे. म्हणजे दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या साध्या खोलीत दर सेकंदाला तेराशे-चौदाशे रेडॉन अणू मोडत असतात. वाचून दचकू नका. इतके अणू म्हणजे वजनाने काहीच नाही. १०० बेक्वेरेल भरतील इतके रेडॉनचे अणू मोजले तर घनमीटरमागे पावणेपाच कोटी होतात, आणि त्याच घनमीटरमध्ये हवेचे रेणू असतात २५ वर २४ शून्यं इतके. रासायनिक चाचणीत हा वायू पकडता येत नाही तो यामुळेच. तो मोडताना होणारा आवाज तेवढा ऐकावा लागतो, एकेक.

फुप्फुसाला त्रास रेडॉनचा नव्हे, त्याच्या पोरांचा. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतेक उच्छ्वासाबरोबर परत जातो. पण खोलीत मोडलेल्या रेडॉनमधून पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे घन अणू जन्मतात, धुळीच्या कणांना चिकटतात आणि श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर बसून राहतात. ते मिनिटांत मोडतात आणि त्यांचे अल्फा कण अगदी जवळच्या पेशींवर आदळतात. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणींतले मजूर तरुण वयात छातीच्या रोगाने मरतात हे शतकानुशतकं माहीत होतं. तो रोग म्हणजे कॅन्सर हे १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी दाखवलं, म्हणजे रेडॉनचा शोध लागण्याच्याही आधी.

घराचा संबंध जगाच्या ध्यानात आला तो डिसेंबर १९८४ मध्ये, तुमच्या मुलाच्या शेजारच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात. लिमरिक इथे अणुवीज केंद्र उभं राहत होतं. स्टॅन्ली वॉट्रास नावाचा अभियंता फाटकातल्या किरणोत्सार तपासणी यंत्राजवळून गेला की यंत्र वाजायचं. गंमत म्हणजे केंद्रातून तेव्हा वीज निघायला सुरुवातही झाली नव्हती. तो कामावर येताना वाजत होता, जाताना नव्हे. शोध घेत अधिकारी त्याच्या घरी पोचले. तिथे घनमीटरमागे लाखभर बेक्वेरेल रेडॉन निघाला. शेजारच्या घरात मात्र तसलं काही नव्हतं. त्या भागाखालून रीडिंग प्राँग नावाचा जुन्या ग्रॅनाइट-नाइसचा पट्टा जातो. तोच पुढे न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्क राज्यात शिरतो. तिकडे घराच्या सौद्यात ही तपासणी का आली ते यावरून कळेल. खूळ वगैरे नाही ते, यजमानांना सांगा.

पण मुलाचं म्हणणं निम्मंच बरोबर, असं म्हटलं ते या पुढच्या भागासाठी. खडक सारखा असला तरी घर सारखं नाही. तिकडच्या घराला तळघर असतं, जमिनीत पुरलेलं. सहा महिने थंडी, दारंखिडक्या घट्ट बंद, आत हीटर. गरम हवा वर चढून छपराकडून निसटते आणि सगळं घर धुराड्यासारखं खालून ओढू लागतं. खाली काय असतं? माती. मातीतल्या हवेत रेडॉन घनमीटरला हजारो बेक्वेरेल, कधी कधी लाखाच्या घरात असतो. तळघराच्या भेगांतून तीच हवा वर येते.

नारायणगुड्यातल्या जुन्या बैठ्या घरात यातलं काय आहे? तळघर नाही. जोतं आहे, जोत्यात मुरमाचा भराव आहे. तो मुरूम म्हणजे बहुधा इथल्याच ग्रॅनाइटचा झिजलेला चुरा, हे खरं. पण उंच छत, समोरासमोर खिडक्या, वर झरोके, वर्षाचे आठ-नऊ महिने उघडी दारं. अशा घरातली हवा तासाभरात कितीदा तरी बदलते. आणि उन्हाळ्यात हैदराबादच्या घराघरांत लागणारा तो खसचा कूलर! बिचाऱ्याला नव्या पिढीत मान नाही. पण कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो, खोलीतली शिळी हवा दारातून बाहेर काढतो. रेडॉनच्या दृष्टीने त्याच्याइतकं चांगलं यंत्र दुकानात मिळणार नाही. स्प्लिट एसीचं उलट : तो खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. डासांच्या भीतीने जाळी न बसवता खिडकीच कायमची लावून घेतलेली, झरोके बुजवलेले, ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, रात्रभर एसी, अशी तळमजल्यावरची निजायची खोली असेल तर तुमचं घर हळूहळू न्यू जर्सीचं होत चाललंय असं समजा. माझ्या मते आपल्या शहरांतला रेडॉनचा खरा प्रश्न हाच आहे. खडक होता तिथेच आहे. आपण खिडक्या बंद केल्या.

ओट्याकडे वळू. ग्रॅनाइटच्या लादीतून रेडॉन निघतो का? निघतो, मोजताही येतो. पण लादी पाऊण इंच जाडीची. तिच्यात रेडियम आहे तेवढंच, आणि त्यातून झालेला बहुतेक रेडॉन घट्ट स्फटिकांतच अडकून मोडून जातो. बाहेर पडतो तो थोडासा. खालून, जोत्याखालच्या कितीतरी फूट मातीतून भेगांवाटे येणाऱ्या हवेपुढे तो कुठेच नाही. शिवाय बाजारात ज्याला ग्रॅनाइट म्हणतात ते सगळं ग्रॅनाइट नसतं. तुमचा ओटा काळा कुळकुळीत किंवा चमचमत्या ठिपक्यांचा असेल, प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीहून येणाऱ्या गॅलॅक्सीसारखा, तर भूगर्भशास्त्राच्या भाषेत तो गॅब्रोच्या कुळातला दगड. त्यात युरेनियम बेसाल्टसारखंच कमी. गुलाबी-तांबडा असेल तर तो खरा ग्रॅनाइट, त्यात अधिक. तरीसुद्धा ओटा फोडायचं काम करू नका. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसाला जास्त वाईट. आणि जुनी शाहबादी काढून ग्रॅनाइट बसवलंत म्हणून मुलाने बोल लावले असतील तर त्याला सांगा, फरशी कुठलीही असो, ती भिंतीला जिथे टेकते तिथल्या फटी बुजलेल्या असल्या म्हणजे झालं. शाहबादी हा चुनखडक, त्यात युरेनियम कमी खरं; पण जुन्या शाहबादीचे सांधे उघडे पडलेले असतात आणि खालची हवा त्यातूनच वर येते. नव्या लाद्या नीट सांधल्या असतील तर कदाचित तुमचा फायदाच झाला असेल.

बोअरचं पाणी. ग्रॅनाइटच्या भेगांमधलं पाणी रेडॉन विरघळवून घेतं, उस्मानसागर किंवा मांजऱ्याच्या धरणातल्या उघड्या पाण्यात तो उरत नाही. नळाला येतं ते नदी-तलावाचं, त्याची चिंता नको. बोअरच्या पाण्याचा ढोबळ हिशेब असा धरतात की पाण्यात जेवढा रेडॉन असेल त्याचा दहाहजारावा भाग घरातल्या हवेत येतो. लिटरला १०० बेक्वेरेल असलेल्या पाण्याने, म्हणजे युरोपातल्या कायद्याच्या मर्यादेइतक्या, खोलीत घनमीटरमागे १० बेक्वेरेलची भर पडते. तुमच्याकडे बहुधा तेवढीही नाही, कारण बोअरचं पाणी जमिनीखालच्या संपात पडतं, मोटरने टाकीत चढतं, तिथे थांबतं. या खळखळाटात निम्माअधिक वायू उडून जातो. पिण्याचं पाणी उकळता तेव्हा उरलासुरला जातो. पाणी तपासायचंच असेल तर नारायणगुड्यातल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनसाठी भरता तशी बाटली भरून चालणार नाही. बाटली पाण्यात बुडवून, एकही बुडबुडा न ठेवता पाण्याखालीच बूच लावायचं असतं, आणि त्याच दिवशी मोजायचं. बोअरच्या पाण्याचा मला वाटतो तो मोठा प्रश्न वेगळाच आहे : फ्लोराइड. तेही याच खडकाचं देणं. शेजारच्या नलगोंडा जिल्ह्याने त्यापायी पिढ्यान् पिढ्या वाकलेली हाडं पाहिली, आणि नागपूरच्या नीरी या संस्थेने फ्लोराइड काढायची जी स्वस्त पद्धत बसवली तिला नावच नलगोंडा तंत्र पडलं. तेव्हा पाणी न्यालच तर फ्लोराइडसाठी न्या.

यजमानांचं ‘कुणाला काही झालं नाही’ हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण रेडॉनचा परिणाम एका घराच्या आकड्यांत दिसण्यासारखा नाहीच. २००५ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या १३ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून छापली गेली : फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७,१४८ रुग्ण आणि तुलनेसाठी १४,२०८ इतर माणसं, प्रत्येकाच्या घरातला रेडॉन मोजलेला. घनमीटरमागे १०० बेक्वेरेल वाढले की धोका मोजण्यातली ढोबळता वजा जाता साधारण १६ टक्क्यांनी वाढतो असं निघालं. आता हे टक्के माणसांत मांडू. कधीच सिगारेट-बिडी न ओढणाऱ्या हजार माणसांतली, पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाचा कॅन्सर होणारी माणसं : रेडॉन शून्य असेल तर ४, १०० बेक्वेरेल असेल तर ५, ४०० असेल तर ७. घरात आठ-दहा माणसं. सत्तर काय, दोनशे वर्षं राहिली तरी चार आणि पाचातला फरक त्यांना कळणार कसा? ओढणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हेच आकडे हजारात १००, १२० आणि १६०. म्हणजे रेडॉन आणि धूर एकमेकांना धरून चालतात. यजमान सिगारेट ओढत असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारतो एवढंच), तर रेडॉनच्या डबीवर एक पैसा खर्च करण्याआधी ते सोडायला लावा. घरातला रेडॉन शून्यावर आणूनही मिळणार नाही इतका फायदा त्यात आहे.

मग तपासणी करावी असं का म्हणतो? तळमजल्यावर राहता, खाली ग्रॅनाइटचा मुरूम आहे, आणि निजायच्या खोलीला एसी लावला असण्याचा संभव आहे, म्हणून. आणि वॉट्रासच्या शेजाऱ्याची गोष्ट आठवून. घर बाहेरून बघून रेडॉन सांगता येत नाही, नकाशा पाहूनही नाही.

डबी ठेवा निजायच्या खोलीत. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात किंवा देवघरात समईशेजारी नको. जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात नाही. कपाटावरची जागा बरी. घर रोजच्यासारखं वापरा. तपासणी आहे म्हणून खिडक्या बंद ठेवू नका आणि मुद्दाम उघडूही नका. किमान तीन महिने ठेवा, त्यात डिसेंबर-जानेवारी येऊ द्या, कारण हैदराबादच्या घरात दारं लागतात ती मुख्यतः त्याच दिवसांत आणि पहाटे रेडॉन सगळ्यात जास्त चढतो. वर्षभर ठेवलीत तर उत्तम. हल्ली आकडा दाखवणारी बॅटरीवरची यंत्रंही मिळतात. घ्यायचंच असेल तर घ्या, पण पहिल्या दोन-चार दिवसांचे आकडे मनावर घेऊ नका आणि मुलाला व्हॉट्सॲपवर रोज फोटोही पाठवू नका. दिवसाचा आकडा दुपारी आणि पहाटे दुप्पट-तिप्पट बदलतो. महिन्यांची सरासरी बघा. फिल्म मोजून देण्याबद्दल चौकशी करायची तर उस्मानिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागापासून सुरुवात करा. हैदराबादच्या घरांतला किरणोत्सारी वायू मोजण्याचं काम त्यांनी पूर्वी केलं आहे.

आकडा आल्यावर काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेलची पातळी सुचवली, ती जमत नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ नये असं म्हटलं. अमेरिकेतली १४८. मुलगा ४ म्हणेल. ते पिकोक्युरीत, तेच १४८. शंभराच्या खाली आलात, आणि तसं येण्याची शक्यताच जास्त आहे, तर विषय संपला. शंभर ते तीनशेमध्ये असाल तर गवंडी बोलवा : फरशी आणि भिंतीमधले सांधे, नळ-पाइप जमिनीतून वर येतात तिथल्या फटी, मोरीची जाळी, आणि परसात बुजवलेली जुनी बावडी घराखाली आली असेल तर तिचं तोंड, हे सगळं पक्कं बंद करून घ्या. झरोके उघडा, खिडक्यांना जाळ्या बसवा, एसीच्या खोलीत बाहेरून हवा यायला वाट ठेवा. नुसता एक्झॉस्ट पंखा लावू नका. आत हवा यायची सोय नसताना तो खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा घ्यायला जोत्यातली हवा वर येते. तीनशेच्या वर आकडा आलाच तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. मग फरशीखाली पाइप घालून मातीतली हवा पंख्याने छपरावर सोडायची, हा तिकडे रुळलेला उपाय. खर्चाचा आहे, पण चालतो.

प्रश्न : आम्ही चिक्कडपल्लीत चौथ्या मजल्यावर राहतो. वरचा प्रश्न तुम्ही आमच्या मित्रमंडळात चर्चेला आणलात. आम्हीही मोजायला हवं का?

उत्तर : बहुधा नाही. अपार्टमेंट खांबांवर उभी, खाली मोकळं पार्किंग. मातीतली हवा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. भिंतीतल्या काँक्रीटची खडी आणि आता नदीच्या वाळूऐवजी वापरतात ती रोबो सँड, दोन्ही ग्रॅनाइटचाच भुगा, त्यामुळे थोडा रेडॉन भिंतींतून येतो. खिडकी उघडी असली की पुरे.

पण पार्किंग खांबांवर नसून जमिनीत खोदलेल्या सेलरमध्ये असेल, आणि हैदराबादेत पुष्कळ ठिकाणी असतं, तर तिथे कोण राहतं ते बघा. लिफ्टच्या मागे, मोटरजवळ, तीन बाजूंनी मातीला टेकलेल्या बिनखिडकीच्या खोलीत वॉचमन राहतो. बायको, मुलं, गॅसची शेगडी सगळं तिथेच. इमारतीत रेडॉन कुठे असेलच तर त्या खोलीत. सोसायटीने फिल्मच्या डब्या मागवल्या तर पहिली तिथे ठेवा, आणि आकडा यायची वाट न बघता त्या खोलीला हवा येईल अशी जाळीची खिडकी पाडून घ्या. तुमच्या मेंटेनन्समध्ये तो खर्च दिसणारही नाही.

प्रश्न : आम्ही देगलूर तालुक्यातले. घर जुनं, मातीच्या भिंती, वर माळवद. मराठवाड्यात बेसाल्ट, म्हणजे आम्ही सुटलो ना?

उत्तर : सगळा मराठवाडा काळ्या दगडाचा नाही. नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, तुमच्या देगलूर-बिलोलीकडे, लाव्हाचे थर संपतात आणि खालचं ग्रॅनाइट-नाइस उघडं पडतं. खडकाच्या हिशेबाने तुम्ही हैदराबादचे सोयरे.

मातीच्या भिंतीच्या बाबतीत रेडॉनच्या भावंडाची ओळख करून घ्या. थोरियमपासून थोरॉन होतो. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद. एवढ्या वेळात तो जोत्याखालून वर येऊच शकत नाही. पण मातीच्या सच्छिद्र भिंतीच्या वरच्या इंचभर थरातून खोलीत नक्की येतो. उस्मानिया विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या घरांतला थोरॉन मोजून तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी नलगोंड्यातल्या लंबापूर-पेद्दगट्टू या युरेनियमच्या भागातही रेडॉन-थोरॉन दोन्ही मोजले होते. त्यासाठी दोन कप्प्यांची डबी वापरतात. एका कप्प्याच्या तोंडाशी पातळ पडदा असतो. त्यातून आत शिरेपर्यंत थोरॉन मोडून संपतो आणि फक्त रेडॉन पोचतो. दोन्ही कप्प्यांतला फरक तो थोरॉन. साधी डबी भिंतीला चिकटवून ठेवली तर ती थोरॉनही मोजते आणि आकडा उगाच फुगतो. डबी भिंतीपासून दूर ठेवायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

खाट भिंतीपासून सरकवून फारसं साधणार नाही. थोरॉन भिंतीजवळच संपतो, पण त्याच्यामागे उरणाऱ्या शिशाचं अर्धायुष्य १०.६ तास असतं, तेवढ्यात ते खोलीभर पसरतं. भिंत मात्र बंद करता येते. थोरॉनला मिनिट-दोन मिनिटं अडवलं की तो आतच मोडतो. त्यामुळे सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा ऑइल पेंटचे दोन हात हा रेडॉनवर जुजबी असलेला उपाय थोरॉनवर चांगला लागू पडतो. माळवदातला झरोका मात्र उघडा ठेवा. पावसाळ्यात पत्रा टाकून बंद करतात आणि मग होळीपर्यंत काढायचं राहून जातं.